उन्हाळ्यात आमच्या वढ्याला पाणी येतं : प्रदूषणाच्या साहेबांना खुलं पत्र

प्रति,
प्रदूषण नियंत्रणाचं काम बघणारे साहेब, आणि कारखान्यातल्या कामगारांची सुरक्षा बघणारे साहेब यांना

विषय : आमची तक्रार निकाली काढली त्याबद्दल

महोदय, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या ऑफिसचं पत्र आलं. स्थळ पाहणी केली असता ओढ्यामध्ये सांडपाणी सोडले जात असल्याचे आढळून आले नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे, असं त्यात लिहिलंय. पत्र मी मारुतीच्या पारावर वाचून दाखवलं, आठ-दहा जण होते, त्यातल्या एका म्हाताऱ्या नानांनी विचारलं, निकाली म्हणजे काय रं, आपल्यासारखं झालं का? मला तिथं काही बोलता आलं नाही. औषधाच्या कंपनीचं सांडपाणी आमच्या वढ्यात येतं म्हणून तीन वर्षांत तीन अर्ज दिले, तिन्हींची पोच माझ्याकडं आहे, आता चौथ्यांदा सगळ्यांसमोर लिहितोय.

गावाचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या गावातली साठेक पोरं अजून त्या लायनीतल्या कंपन्यांत ठेकेदाराकडं कामाला आहेत, आणि कोणत्या गावानं तक्रार केली हे कळलं की दुसऱ्या दिवशी त्या गावाच्या पोरांना गेटवरून परत पाठवतात, हे आम्ही एकदा भोगलंय. तुमच्याकडं फाईल आहे, तुम्हाला गाव कळेल. बाकी वाचणाऱ्यांनी मराठवाड्यातली कोणतीबी एमआयडीसी आणि तिच्या उताराच्या अंगाचं कोणतंबी गाव डोळ्यासमोर आणलं तरी चालेल.

माझं पावणेतीन एकर रान वढ्याला लागून आहे. आणि त्याच कंपनीत मी सहा वर्षं ठेकेदाराचा हेल्पर होतो, म्हणजे पाईपाच्या आतलं बी बघितलंय आणि बाहेरचं बी. कंपनीच्या पगारावर माझ्या बहिणीचं लग्न झालं, घरावर स्लॅब पडला. २०१२ च्या दुष्काळात आम्ही मोसंबीची बाग आपल्याच हातानं तोडून सरपण केली, त्या वर्षी घरात जे शिजलं ते कंपनीच्या पैशावर शिजलं, हे मी विसरलेलो नाही. कंपनी बंद करा असं मी म्हणत नाही. हे आधीच लिहून ठेवतो कारण दरवेळी तुमच्या ऑफिसात आम्हाला हेच ऐकवतात, मग काय बंद करायची का कंपनी, पोरांच्या नोकऱ्या घालवायच्या का. साहेब, पाणी साफ करून सोडा एवढंच म्हणायला आलेल्या माणसाला नोकरीची भीती कशाला दाखवायची? सांडपाणी साफ करायचं मशीन, ज्याला ईटीपी म्हणतात, ते कंपनीत बसलेलं आहे, ते चालवायचा खर्च वाचवला जातो, एवढीच गोष्ट आहे.

आता आमचा वढा कसा आहे ते सांगतो, कारण तुमच्यातले बरेच साहेब लांबून बदलून आलेले असतात. आमच्याकडं वर्षाला सातशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तोबी चार महिन्यांत आणि त्यातबी खंड. दिवाळी झाली की वढ्याची धार बारीक होते, संक्रांतीला डबकी राहतात, होळीपर्यंत नुसती वाळू. एप्रिल-मे मधी वढ्याला पाणी नसतं, नसायलाच पाहिजे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, असा आमचा मुलूख. पण त्या उन्हाळ्यात बी आमच्या वढ्याला पाणी होतं. पिवळसर, वर फेस, कडेच्या दगडांना पांढरा थर. येणारे-जाणारे पुलावर गाडी थांबवून म्हणायचे, ह्या गावाचं बरंय बाबा. दुसऱ्या गावात उन्हाळ्यात पाणी दिसलं तर लोक नारळ फोडतील, आमच्या गावात माय लेकराला म्हणते, तिकडं जाऊ नको.

आणि नियम काय सांगतो ते मी शिकून घेतलंय. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याचा पीएच ५.५ ते ९ च्या मधी, बीओडी लिटरमागं ३० मिलीग्रामच्या आत, सीओडी २५० च्या आत. (बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते, सीओडी म्हणजे कुजणारं-न कुजणारं बहुतेक सगळं धरून किती, असं मला एका केमिस्टनं समजावलं.) पण हे आकडे धरताना नदीत आधीचं स्वच्छ पाणी आहे, त्यात हे मिसळून पातळ होईल, असा हिशोब असतो. आमच्याकडं पातळ करायला दुसरं पाणीच नाही. कंपनीनं नियमात बसणारं पाणी सोडलं तरी उन्हाळ्यात आख्खा वढा म्हणजे तेच पाणी, आणि नियमात न बसणारं सोडलं तर काय होत असेल ते तुम्हीच सांगा.

वरून आमची जमीन. वर काळी माती, खाली मुरूम, त्याच्याखाली काळा पाषाण, आणि विहिरीला पाणी येतं ते त्या पाषाणाच्या भेगांतून. कोणती भेग कुठं निघते ते विहीर खांदणाऱ्या वडारालाबी पक्कं सांगता येत नाही. वढ्यात मुरलेलं पाणी त्याच भेगांनी विहिरीत येतं. माझ्या विहिरीचं वढ्यापासून अंतर दीडशे फूट. चांगल्या पावसाच्या वर्षी वढ्यानं विहीर भरायची म्हणून आज्यानं तिथं जागा बघितली होती, आता त्याच जागेनं आमचं वाटोळं झालं.

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. तिथं १९८० च्या दशकाच्या शेवटी एच-ॲसिड, म्हणजे रंग बनवायला लागणारं केमिकल, बनवायचे कारखाने चालले, जेमतेम काही वर्षं, आणि त्यांच्या गाळानं आणि पाण्यानं गावातल्या विहिरी अशा नासल्या की पाणी माणसाला, जनावराला, पिकाला कशालाच कामाचं राहिलं नाही. १९९६ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, ज्यानं घाण केली त्यानंच ती निस्तरायचा खर्च द्यायचा. मी हे का लिहितोय, तर कारखाना बंद झाला म्हणून विहीर बरी होत नाही. आज जे वढ्यात चाललंय त्याचं पाणी माझा नातू उपसणार आहे.

आता आमच्या तक्रारी.

पहिली तुमच्या पाहणीची. तुम्ही आलात त्या दिवशी वढ्यात पाणी नव्हतं हे खरंय. मी खोटं म्हणत नाही. पण कसं नव्हतं ते मला माहितीय, कारण सहा वर्षं मी आतून तेच काम केलंय. व्हिजिट आहे हे आदल्या दिवशी सेकंड शिफ्टला कळायचं. कोण कळवतं मला माहीत नाही, पण कळायचं. मग आम्हाला थांबवून घ्यायचे, डबल ड्युटी लागायची. गटारी बोअरच्या पाण्यानं धुवायच्या, कडेनं चुना मारायचा, मागच्या भिंतीला ठेवलेले गळके ड्रम शेडमधी हलवून वर ताडपत्री टाकायची, ज्यांच्याकडं गमबूट-हँडग्लोज नाहीत त्या हेल्परांना सांगायचं उद्या येऊ नका, तुमची हजेरी लावतो. दोन रिॲक्टर (माल बनवायच्या मोठ्या टाक्या) बंद ठेवायचे म्हणजे पाणीच कमी निघतं. साहेब लोक साडेअकराला येणार, ईटीपीवर जाणार, शेवटच्या टाकीतून बाटली भरणार, ऑफिसात चहा, आणि दोनच्या आत गाडी बाहेर. तुम्ही बाटली भरली ती टाकी खरंच साफ असते, मीच घासलेली असायची. पाणी जातं ते रात्री दीड-दोनच्या नंतर, जातं ते मागच्या कंपाऊंडच्या खालच्या चारीनं, आणि तिथं तुमचा माणूस आजपर्यंत एकदाबी आलेला नाही.

सांडपाणी मोजणाऱ्या ऑनलाईन मीटरचं बी सांगतात, की बाबांनो सगळं कॉम्प्युटरवर दिसतं. २०१४ ला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या कारखान्यांना असे मीटर बसवायला लावले, त्यात औषधाच्या कंपन्या बी आल्या, चांगली गोष्ट आहे. पण तो सेन्सर कशात बुडवून ठेवलाय हे कॉम्प्युटरवर दिसत नाही. मी तो साध्या पाण्याच्या बादलीत बघितलाय.

आणि एक गोष्ट जी मी आतापर्यंत कोणत्याच अर्जात लिहिली नाही. जूनमधी पहिला मोठा पाऊस यायचा त्या रात्री साठवणीच्या टाक्या रिकाम्या व्हायच्या, कारण वढ्याला पूर आला की कोणालाच काही कळत नाही. दोन वेळा त्या टाक्यांचा व्हॉल्व्ह मी फिरवलाय. सुपरवायझर म्हणाला फिरव, मी फिरवला. चारी कोणत्या वढ्याला जाते आणि वढा कोणाच्या रानाकडं जातो हे मला ठाऊक होतं, तरी फिरवला, कारण दुसऱ्या दिवशी गेटपास पाहिजे होता. त्या दोन रात्रींचं मला अजून वाईट वाटतं आणि हे पत्र लिहायचं अर्धं कारण तेच आहे. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, मी जबाब द्यायला तयार आहे, लेखी.

दुसरी तक्रार आतल्या कामगारांची, आणि ही सुरक्षा बघणाऱ्या साहेबांना. बाहेरच्या लोकांना वाटतं प्रदूषण म्हणजे वढा आणि धूर, पण सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त ते आतल्या पोरांच्या अंगावर येतं, आणि ती पोरं आमचीच आहेत.

आम्हाला मास्क मिळायचा तो धुळीचा, कापडी किंवा कागदी. सॉल्व्हंटची, म्हणजे माल विरघळवायच्या केमिकलची, वाफ त्यातून सरळ आत जाते, त्याला कार्ट्रिजवाला मास्क लागतो आणि त्याचं कार्ट्रिज ठरलेल्या मुदतीला बदलावं लागतं, हे मला काम सोडल्यावर कळलं. एमडीसी नावाचं सॉल्व्हंट आम्ही बादलीनं ओतायचो, त्याची वाफ हवेपेक्षा जड, खाली बसते, वाकून काम करणाऱ्याच्या तोंडाशी. डोकं जड व्हायचं, झोप आल्यासारखं व्हायचं, आम्हाला वाटायचं नाईटची झोप आहे. ते अंगात गेल्यावर शरीर त्याचा कार्बन मोनॉक्साईड बनवतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. डीएमएफ नावाचं दुसरं सॉल्व्हंट हातावर सांडलं तर आम्ही फडक्यानं पुसून घ्यायचो, ते कातडीतून आत जातं आणि लिव्हरला धरतं. थायोनिल क्लोराईडच्या ड्रमला ओल लागली की पांढरा धूर निघायचा, तो ॲसिडचा आणि सल्फर डायऑक्साईडचा, खोकून खोकून माणूस आडवा व्हायचा. शिफ्ट सुटताना आम्हाला गुळाचा खडा द्यायचे. गुळानं छाती साफ होते म्हणून. सहा वर्षं मी तो गूळ विश्वासानं खाल्ला.

एक प्रसंग सांगतो. ईटीपीच्या टाकीतला गाळ काढायला एका पोराला उतरवलं, वय असंल एकवीस. शिडीवरून खाली गेला आणि म्हणाला सडक्या अंड्याचा वास येतोय, मग थोड्या वेळानं म्हणाला आता वास गेला. वरचा फिटर जुना माणूस होता, वास गेला म्हणल्याबरोबर तो ओरडला आणि आम्ही चार जणांनी त्याला दोरानं ओढून काढलं, तेव्हा त्याचं अंग ढिलं पडलं होतं. तो गॅस हायड्रोजन सल्फाईड. जास्त झाला की नाकच काम करायचं बंद होतं, माणसाला वाटतं गॅस गेला. हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक हेल्परनं एवढं लक्षात ठेवावं, वास बंद झाला तर पळा. दोरबी त्या दिवशी कंपनीनं दिलेला नव्हता, टेम्पोचा होता, माल बांधायचा. टाकीत माणूस उतरवायच्या आधी गॅस तपासायचा, परमिट काढायचं, कमरेला पट्टा आणि वर माणूस पाहिजे, हे सगळं कायद्यात आहे. पोरगा वाचला म्हणून ह्याची कुठंच नोंद नाही.

भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री जे झालं त्याच्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात नवीन प्रकरण घातलं. धोक्याच्या कारखान्यात काय वापरतात, त्यानं शरीराला काय होतं, गळती झाली तर काय करायचं, हे कामगाराला आणि आजूबाजूच्या लोकांना सांगणं कारखान्यावर बंधनकारक केलं. कामगाराच्या तब्येतीचं रेकॉर्ड ठेवायचं आणि कामगारानं मागितलं तर त्याला दाखवायचं. त्याला आता चाळीसेक वर्षं होत आली. सहा वर्षांत माझी तपासणी तीनदा झाली, तीनबी वेळा एका लायनीत उभं करून वजन, बीपी, आणि एका कागदावर सही. त्या कागदावर काय लिहिलंय ते मागितलं तर ठेकेदार म्हणला तुला काय करायचंय. ड्रमवरची आणि भिंतीवरची सगळी माहिती इंग्रजीत. माझी बारावी झालीय म्हणून मी थोडं वाचायचो, बिहार-झारखंडची पोरं होती त्यांना काय कळणार, आणि रात्री त्याच शेडच्या पलीकडं झोपायला बी तीच पोरं होती.

मग आजार कागदावर येतच नाही. माझ्यासोबत सेंट्रीफ्यूजवर काम करणाऱ्या एकाच्या हाताची सालं निघाली, ई.एस.आय. च्या दवाखान्यात गेला, तिथं चिठ्ठीवर लिहिलं ॲलर्जी. कामावर काय हाताळतोस हे त्याला कोणी विचारलंच नाही. कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कामामुळं होणाऱ्या २९ आजारांची यादी आहे, असा पेशंट दिसला तर डॉक्टरनं सरकारला कळवायचं असतं. आमच्या एमआयडीसीतून अशी किती पत्रं गेली ते जाहीर करा. मला भीती आहे की आकडा फार लहान निघेल आणि मग तुम्ही म्हणाल बघा कोणीच आजारी नाही.

तिसरी तक्रार टँकरची. ही थोडक्यात. धोकादायक कचरा कारखान्यानं जास्तीत जास्त ९० दिवस ठेवायचा, मग मंजूर ठिकाणी पाठवायचा आणि प्रत्येक गाडीसोबत कागद पाहिजे, असा २०१६ चा नियम आहे. आमच्या शिवाराच्या मागं जुनी खडी क्रशरची खदान आहे, तिथं रात्री टँकर रिकामे होतात. टायरचे वण आम्ही मोबाईलवर काढून दिलेत. ६ जानेवारी २०२२ ला सुरतजवळ सचिन जीआयडीसीत (म्हणजे गुजरातची एमआयडीसी) टँकरमधलं केमिकल असंच नाल्यात सोडताना गॅस झाला आणि शेजारच्या मिलमधले ६ कामगार गेले, त्यांचा त्या टँकरशी काही संबंध नव्हता. आमच्या खदानीपासून दोनशे मीटरवर ऊसतोडीवाल्यांच्या झोपड्या पडतात.

चौथी घरची. आमच्याकडं पाव्हणा दारात आला की आधी पाण्याचा तांब्या पुढं करतात, मग बाकीचं. आता आमच्या गावात पाव्हणे येताना बाटली घेऊन येतात. माझे दाजी फार सरळ माणूस, तांब्या हातात घेतात, कपाळाला लावल्यासारखं करतात आणि न पिता खाली ठेवतात. माझ्या मायनं ते पाहिल्यापासून तांब्या भरणंच सोडलं. प्यायला वीस लिटरचा जार येतो, रोज एक पुरत नाही, ज्यांची ऐपत नाही ते हापशाचं पाणी पितात. हापशाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागं किती मिलीग्राम क्षार विरघळलेत ते, आम्ही शाळेच्या सरांच्या मीटरवर पाहिला तर बावीसशेच्या वर. पिण्याच्या पाण्याला ५०० चांगलं, दुसरा उपायच नसला तर २००० पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. ते स्वस्तातलं मीटर-बिटर काय खरं नाही असं तुमचे साहेब म्हणाले होते, तर मग चांगलं मीटर घेऊन तुम्ही या.

रानात विहिरीचं पाणी दिलं की काळ्या मातीवर पांढरं मीठ धरतं. दोन एकर चोपण पडलंय, ओल असली की चिकट आणि वाळलं की दगड, कुळव चालत नाही. आधी कापूस, तूर, रब्बीला जवारी निघायची, आता पावसावर सोयाबीन आलं तर आलं. गेल्या दोन वर्षांत वाडीवरच्या तीन म्हशी गाभडल्या. आता हे सगळं कंपनीच्या पाण्यानंच झालं असं मी छातीठोक म्हणत नाही, मी डॉक्टर नाही, शेतकी शाळेत गेलेलो नाही. म्हणूनच तर तपासा म्हणतोय. तपासायच्या आधीच तुम्ही लिहून दिलं की काही नाही.

पाचवी तक्रार कागदाची. रिपोर्ट मागितला तर म्हणतात माहितीच्या अधिकारात टाका. टाकला, दहा रुपयांचं तिकीट लावून, तीस दिवस झाले, साठ झाले, मग उत्तर आलं की माहिती त्रयस्थ पक्षाशी संबंधित आहे. साहेब, वढा त्रयस्थ पक्ष आहे का? १९७४ च्या पाणी कायद्यातच कलम २५ मधी लिहिलंय की कारखान्याला कोणत्या अटीवर परवानगी दिली त्याचं रजिस्टर ठेवायचं आणि ज्याला त्या पाण्याचा त्रास होतो अशा माणसाला ते बघू द्यायचं. मी दोनदा रजिस्टर बघायला आलतो. एकदा क्लार्क रजेवर होता, एकदा चावी नव्हती.

आणि हे काही आमचंच रडगाणं नाही. डिसेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं आयआयटी दिल्लीला सोबत घेऊन देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, ७० च्या वर गेले ते अतिप्रदूषित धरले. असे ४३ निघाले आणि त्यात आपलं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, ७७.४४ वर होतं. जानेवारी २०१० मध्ये केंद्रानं अशा पट्ट्यांत नवीन प्रकल्पांना मंजुरी द्यायचं काही काळ थांबवलं बी होतं. म्हणजे मराठवाड्यात हा प्रश्न आहे हे सरकारच्याच कागदावर आहे. मग एखाद्या गावानं तोच प्रश्न विचारला की आम्ही विकासाचे विरोधक कसे होतो? शिवाय २०२३ च्या कायद्यानं पर्यावरण कायद्यातली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड ठेवला. ज्याचा रोजचा माल काही लाखांचा आहे त्याला हा दंड म्हणजे एक खर्च. आता तुमची पाहणी सोडली तर त्याला धाक राहिला नाही, म्हणून तिच्यावरच मी एवढं लिहिलंय.

आमच्या मागण्या ह्या. सगळ्या तुमच्या अधिकारातल्या आहेत, कोणत्याच मंत्र्याला विचारायची गरज नाही.

१. निकाली काढलेली तक्रार परत उघडा.

२. पाहणी न कळवता करा, रात्री बारा ते पहाटे पाचच्या मधी, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री. नमुना ईटीपीच्या टाकीतून घ्याच, पण मागच्या चारीतून, पुलाखालून आणि वढ्याकाठच्या पाच विहिरींतून बी घ्या. कायद्यानं नमुन्याचे भाग करून सील करायचे असतात, कंपनीचा माणूस हजर असतो, तसे ग्रामपंचायतीचे दोघं हजर असू द्या आणि त्यांची पंचनाम्यावर सही घ्या.

३. रिपोर्ट मराठीत, ग्रामपंचायतीच्या बोर्डावर. चांगला आला तरी लावा, वाईट आला तरी लावा. चांगला आला तर मी स्वतः पारावर वाचून दाखवीन.

४. रिपोर्ट येईपर्यंत गावाला पिण्याचं पाणी टँकरनं द्या, आणि विहिरी नासल्या असं निघालं तर तो खर्च आणि चोपण रानाची भरपाई ज्यानं घाण केली त्याच्याकडून घ्या, ग्रामपंचायतीच्या फंडातून नको.

५. खदानीच्या रस्त्याला कॅमेरा आणि टँकरचे गेटवरचे कागद तपासून त्यांची बेरीज. किती कचरा निघाला, किती पोचला, एवढं गणित केलं तरी बाकीचा कुठं गेला ते समजतं.

६. ठेकेदाराच्या कामगारांसकट सगळ्यांची खरी तपासणी, म्हणजे रक्त, लिव्हर, फुप्फुसाची, कंपनीच्या बाहेरच्या डॉक्टरकडून, आणि रिपोर्टची कॉपी कामगाराच्या हातात. कार्ट्रिजचे मास्क. ड्रमवर मराठी आणि हिंदीत चिठ्ठी. गॅस तपासल्याशिवाय टाकीत माणूस नको, एकदाबी नको.

७. जो कामगार माहिती देईल त्याचं नाव बाहेर जाणार नाही आणि त्याला कामावरून काढलं तर ती जबाबदारी तुमची, हे लेखी द्या. हे दिलं तर माझ्यासारखे अजून बारा-पंधरा जण बोलायला तयार आहेत, त्यातले चार अजून आत कामाला आहेत.

पाणी कायद्याच्या कलम ४९ प्रमाणं साठ दिवसांची नोटीस देऊन साध्या माणसालाबी कोर्टात जाता येतं, आणि हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ पुण्याला आहे, हे आम्हाला माहितीय. ही धमकी समजू नका. आम्हाला तिकडं जायची हौस नाही, एका फेरीला एका माणसाची दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचं भाडं जातं. तुमचं ऑफिस आम्हाला जवळ आहे म्हणून आधी तुम्हाला लिहिलं.

माझा नंबर तिन्ही अर्जांवर आहे. तुमची गाडी निघाली की फक्त एक मिस कॉल द्या, कुठं येताय ते सांगू नका. रात्री दोन वाजले असले तरी मी बॅटरी घेऊन पुलाखाली उभा असतो, चारी कुठं फुटते ते दाखवतो. तिथं बाभळी फार आहेत, बूट घालून या.

आपला,
वढ्याकाठचा एक शेतकरी, आधीचा हेल्पर